कळकलेलं पाणी

लोणावळा
६ ऑक्टोबर १९४६

चि. अनंत यास अनेक आशीर्वाद.

आठवतं का रे, पडवीत मधे परात ठेवून आपण डाळिंब्या सोलायला बसायचो? मी कॉन्व्हेंटातून सुट्टीला आलेली चौदा वर्षांची, तू सात. मोड आलेला वाल चिमटीत धरून दाबला की डाळिंबी सालातून सुटकन बाहेर येते. तू ती परातीत न टाकता माझ्या कपाळावर मारायचास, आणि आई ओरडली की म्हणायचास, "मी नाही मारली, वालच उडाला." आईला हसू यायचं. मलाही यायचं. तुझी चूक वालावर गेली तर तेव्हा कोणाचं काही बिघडत नव्हतं.

तुझं पुण्याहूनचं पत्र बुधवारी मिळालं. एकेचाळीस सालच्या पावसाळ्यात आपल्या मागच्या खोलीत केलेल्या प्रयोगांच्या चारही वह्या ताबडतोब पाठवायला सांगितल्या आहेस. त्यातले आकडे नव्या लेखात घालायचे आहेत, आणि तो लेख विलायतेतल्या कोणाचा छापून येण्याआधी जायला हवा. मी लगेच वह्या काढल्या. त्या गुंडाळायला जुनं लुगडं फाडलं. वह्या माझ्याच अक्षरात, तेव्हा पानं चाळायचा मोह झाला. चौथ्या वहीत मधेच एक पान तुझ्या अक्षरातलं निघालं. तुझी इंग्रजी अक्षरं घाईत डावीकडे कलतात, मला लांबूनही ओळखू येतात.

२ ऑक्टोबर १९४१. "नवं बियाणं, अक्काने मोड आणलेलं. एन्झाईम तरीही मेलेलं. ऊर्ध्वपातनाचं भांडं उघडलं. आतली कल्हई पूर्ण गेलेली, पाण्यात तांबं उतरतं आहे. विहिरीचं पाणी काचेच्या चंबूत उकळून, वाफ थंड करून घेतलं. पूर्ण काम करतं." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

मी ते पान तीनदा वाचलं, अनंत.

प्रयोगाच्या वालांना मोड आणणाऱ्या धोंडाबाईला आपण ९ सप्टेंबरला घालवलं. म्हणजे तेवीस दिवसांनी तुला कळलं होतं की दोष तिच्या वालात नव्हता, तुझ्या पाण्यात होता. आणि त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मला काय म्हणालास? "अक्का, नवं बी लागू पडलं." मी देवापुढे साखर ठेवली. पाच वर्षं मी हेच धरून बसले की वीस वर्षं आपल्या घरात वावरलेल्या बाईने आपलं बियाणं बदललं. एकदा बाजारात ती समोरून आली, तर मी छत्री आडवी धरली.

वह्या पाठवत नाही. तू ये. भातं कापून झाली की तिच्या मळवलीला त्याच ओलीवर वाल टाकतात. त्याच्या आत ये आणि तिच्या वस्तीवर, चार माणसांसमोर, तुझ्या तोंडाने सांग की ती चोर नव्हती. मग वह्या तुझ्या.

तुझी
अक्का


लोणावळा
१८ ऑक्टोबर १९४६

अनंत,

तुझं उत्तर आलं. "इतक्या जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार", "प्रयोगात चुका होतातच", आणि सर्वांत कहर म्हणजे, "मी तिला चोर म्हणालो नव्हतो, बियाणं बदललं गेलं एवढंच म्हणालो होतो."

तू मळवलीच्या महिपती पाटलाला दिलेली चिठ्ठी विसरला असशील. मी विसरलेले नाही, कारण तिची नक्कल तूच मला वहीच्या मागच्या पानावर करायला लावलीस. वाचून दाखवते: "धोंडाबाईने प्रयोगाचे निवडक बियाणे घेऊन त्या जागी हलके बियाणे घातले. यापुढे तिच्या हाती बियाणे देताना गावाने सांभाळावे." आता यात चोर हा शब्द कुठे आहे ते तू मला दाखव, आणि कुठे नाही तेही दाखव.

ती चिठ्ठी तू कोणाविरुद्ध लिहिलीस हे तरी तुला ठाऊक होतं का? धोंडाबाई आपल्याकडे मोलाने यायची, एवढंच तुला दिसायचं. मळवलीला तिच्या घरी अर्ध्या वस्तीचं बी असायचं. राखेत घोळवून, कडुलिंबाचा पाला घालून, शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणग्यांत. ज्याला स्वतःच्या घरी उंदरांची किंवा खाणाऱ्या तोंडांची भीती, तो तिच्याकडे ठेवायचा. आणि तिच्या सासूच्या वेळेपासूनचा नियम होता: ज्याने ठेवलं त्याने उंबऱ्याशी उभं राहून स्वतःच्या तोंडाने मागायचं. चिठ्ठीवर नाही, दुसऱ्याच्या हाती नाही. एकदा पाटलाने गडी पाठवला होता, तर तिने त्याला हात हलवत परत पाठवलं. तू चिठ्ठी पाठवलीस त्या वर्षी तिच्या कणग्या रिकाम्या झाल्या. सगळे आले, उंबऱ्याशी उभे राहिले, आपापलं बी मागून घेऊन गेले. परत कोणी ठेवायला आलं नाही. हे मला परवा बाजारात बजरंग कल्हईवाल्याने सांगितलं. तो मळवलीला दरसाल भांड्यांना कल्हई लावायला जातो.

त्याच्याकडे मी का गेले, तेही ऐक. मागच्या खोलीतलं ते भांडं मी स्वतः उचलून नेलं. काचेचं फुटलं आणि लढाईमुळे विलायतेहून दुसरं येईना, म्हणून तू पुण्याच्या तांबटाकडून करवून घेतलंस तेच. बजरंगने झाकण काढून आत हात फिरवला आणि मला बोटं दाखवली. "बाई, ह्यात कथील नावालासुदिक न्हाई. ह्यात कढी केली असती तर समदं घर आडवं झालं असतं." मी म्हटलं, कढी नव्हती रे केली, शास्त्र केलं होतं. तो म्हणाला, "त्येला चालतं का कळकलेलं?"

नाही चालत. आणि हे धोंडाबाईने तुला सांगितलं होतं.

श्रावणातली दुपार होती. मी बाकावर वही उघडून बसले होते. ती मोड आलेले वाल घेऊन आली, तहान लागली म्हणून तिने तुझ्या बरणीतलं पाणी ओंजळीत घेतलं. तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "ताई, पानी कळकलंय. कल्हई लावून घ्या ह्येला."

तू हसलास. "धोंडाबाई, हे वाफेचं पाणी. शुद्ध. ह्याला चवच नसते."

"चव न्हाई? मंग माज्या जिभंला काय लागलं? तांब्याचा पैसा चाटल्यावानी लागतंय."

"तू पैसे चाटून बघतेस होय?"

"तुमी काम करून घ्या आन देऊ नका, मंग चाटाया बी मिळायचा न्हाई," ती म्हणाली, आणि आपण तिघंही हसलो.

मी हसले! जिच्या घरात दर सहा महिन्यांनी कल्हईवाला येतो, कळकलेली आमटी जिला वासावरून कळते, ती मी हसले. कारण तू केंब्रिजहून आला होतास.

त्याच बाकावर, त्याच्या दोन महिने आधी, तू तिला समजावून सांगत होतास की तिचे वाल कुटून, फडक्यातून पिळून आपण काय करतो. या प्रयोगाला लागणारा कबुतराच्या छातीचा खिमा माझ्या घरात होणार नाही असं मी बजावलं, म्हणून तू वालावर आला होतास. तू दोन वाट्या घेतल्यास, एकीत डाळिंबी टाकलीस. म्हणालास, ही वाटी म्हणजे ग्लुटामिक आम्ल आणि ही डाळिंबी म्हणजे त्याच्या अंगावरचा नायट्रोजनाचा गट. दुसरी वाटी पायरुविक आम्ल, तिच्यात काही नाही. नुसत्या शेजारी ठेवल्या तर वर्षभर तशाच राहतील. पण मोडाच्या रसात एक एन्झाईम आहे. ते पहिल्यावरचा गट काढतं आणि दुसऱ्यावर ठेवतं. दुसऱ्याचं अलानिन होतं. अर्ध्या तासात. आणि स्वतः ते जसंच्या तसं, पुढच्या जोडीला मोकळं. धोंडाबाईने दोन्ही वाट्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे मधली बाई. हितलं उचलून तितं ठिवती, आन आपल्यापाशी कायबी ठिवत न्हाई. माज्यावानीच की."

तू टाळी वाजवलीस. म्हणालास, आमच्या प्रोफेसरांनासुद्धा इतकं नीट सांगता आलं नव्हतं. आणि त्याच बाईवर तू आळ घेतलास की तिने स्वतःपाशी ठेवलं.

ये, अनंत. भातं कापणीला आली आहेत.

अक्का


लोणावळा
४ नोव्हेंबर १९४६

अनंत,

दिवाळी झाली. तुझी तार आली: वह्या तातडीने पाठवा, बाईला पत्र लिहीन. बाईला वाचता येत नाही हे तुला माहीत आहे.

आता माझ्याबद्दल. मागच्या दोन पत्रांत मी एक गोष्ट लिहिली नाही. तुझ्यावर ओरडताना आवाज मोठा येत होता, म्हणून ती आत दडून राहिली.

आमच्या शाळेत ख्रिस्ती मुली शनिवारी एकेक करून पापाची कबुली द्यायला त्या लाकडी पेटीपाशी जात आणि चेहरे धुतल्यासारख्या परत येत. आम्हा हिंदू मुलींना ती सोय नव्हती. आम्हाला फक्त सुलेखन होतं. सिस्टर म्हणायच्या, खरं लिहिणाऱ्या मुलीची ओळ सरळ जाते. बघ, ही ओळ सरळ जाते आहे का.

९ सप्टेंबरला तू धोंडाबाईची पुरचुंडी सोडलीस तेव्हा तिच्यात मूठभर वाल निघाले. ती म्हणाली, "माज्या वावरातलं हायती, नातीला उसळ कराया आनल्यात." तू ते माझ्यापुढे धरलेस. "अक्का, तू सांग. हे आपलेच ना?"

आपलं बियाणं पुण्याहून आणलेलं, टपोरं, फिकट. ते वाल बारीक होते, तांबूस, डोळ्याशी काळी रेघ. मी जन्मभर वाल निवडले आहेत. मला एका नजरेत कळलं.

मी म्हणाले, "तसेच दिसतात."

तिने माझ्याकडे बघितलं. पुरचुंडी तिथेच टाकून गेली.

का म्हणाले? तुझं काम दोन महिने अडलं होतं. तू जेवत नव्हतास, माझ्याशी बोलत नव्हतास, वहीतले आकडेसुद्धा माझ्याकडे न बघता सांगत होतास. आई गेल्यावर मीच तुला वाढवलं. त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी तू मला अक्का म्हणालास. तेवढ्यासाठी. तेवढ्यावर मी त्या बाईला विकलं, आणि मग तुझ्या "नवं बी लागू पडलं" या वाक्याने ते स्वतःशीही पुसून टाकलं. वाटलं, म्हणजे तिने काहीतरी केलंच असणार. वाल वेगळे असले म्हणून काय झालं! असं मन चालतं, अनंत. तुझं चाललं, माझंही चाललं. म्हणून तुझ्यावरचा माझा राग कमी होत नाही. उलट आता त्याला बसायला दोन पाट मिळाले आहेत.

तू येणार नाहीस हे कळलं, म्हणून शनिवारी मीच मळवलीला गेले. स्टेशनवरून बांधाबांधाने. भातं निम्मी कापलेली. तिच्या खळ्यावर झोडणी चालली होती, सात-आठ माणसं होती, महिपती पाटीलही होता. तिचा मुलगा भिमाजी मला बघून पेंढी हातात धरूनच पुढे आला.

"आय न्हाई भेटायची."

आतून आवाज आला, "बसू दे रं तिला. चालत आलीया." मग ती बाहेर आली. फार वाकली आहे. माझ्याकडे बघत म्हणाली, "पाच वर्सं लागली व्हय ताई? लोनावळा सोडलं की पयलंच तर ठेसन हाय."

मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. तुझं पान, तांबं, पुरचुंडीतले वाल, माझे ते दोन शब्द. मला वाटलं होतं बोलताना रडू येईल. नाही आलं. झोडणी थांबली होती.

शेजारची बयाबाई म्हणाली, "आता सांगून काय उपेग? हिच्या कणग्यांत कोंबड्या अंडी घालत्यात."

"तू गप गं," धोंडाबाई म्हणाली. "तुजी कोंबडी हाय ती."

पाटील मिशी चोळत पुढे आला. म्हणाला, "बाई, तुमी आलात, बोल्लात, चांगलं केलं. पर चिट्टी भाऊनं दिलती. लोकांनी ती चिट्टी आयकून बी काढून न्येलं. ती भाऊनंच फिरवाय पायजे. तुमच्या बोलन्यानं ती फिरत न्हाई."

मी धोंडाबाईकडे बघितलं. वाटलं, ती तरी म्हणेल, जाऊ द्या. ती म्हणाली, "पाटील बरुबर बोलत्यात. तुमचं तुमी बोल्लात. त्येचं त्येनं बोलावं. मला नजरंनं दिसतंय तवर."

मग मला शेजारी बसवून तिने हळूच विचारलं, "ते कळकलेलं पानी. मी म्हनलं व्हतं न्हवं?"

"म्हणाली होतीस."

"मंग भाऊनं वहीत लिवलं का, धोंडी म्हनली म्हून?"

मी नाही म्हणाले. ती हसली. खरंच हसली, अनंत, तोंडावर पदर धरून. आणि मला पहिल्यांदा त्या बाईची नव्हे, तुझी कीव आली. फार वेळ टिकली नाही.

अरुंधती


लोणावळा
१३ नोव्हेंबर १९४६

अनंत,

हे शेवटचं पत्र. यात काय कोणाला द्यायचं ते आहे. माझ्या हृदयाचं डॉक्टर जे सांगतात ते तुला ठाऊक आहे. ते वापरून तुला बोलवायचं असतं तर पहिल्याच पत्रात वापरलं असतं.

तू मला पाठवलेल्या नव्या लेखाच्या मसुद्यात लिहिलं आहेस की तो गट एका आम्लावरून दुसऱ्यावर थेट उडी मारत नाही. मधे थोडा वेळ एन्झाईमपाशीच अडकून असतो, त्याच्या पोटातल्या जीवनसत्त्वासारख्या कसल्याशा पदार्थाला धरून; आणि पुढे दिला गेला तरच एन्झाईम मोकळं होतं. ते वाचून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. तू हुशार आहेस. तांबं नेमकं ती धरायची जागाच धरून बसतं, असा तुझा तर्क आहे. मला त्यातलं एवढंच कळतं की ते पान सव्वा महिना माझ्याजवळ अडकलं होतं आणि मला मोकळं व्हायचं होतं.

मागच्या खोलीतली काचेची नळकांडी, ब्युरेटा आणि तराजू तळेगावच्या मुलींच्या शाळेला द्यायचे. मास्तरीणबाईंशी बोलणं झालं आहे. तराजूचं एक पारडं वाकलं आहे, ते मी त्यांना सांगितलं, तूही सांग.

आईची डाळिंब्यांची परात तुझ्या लेकीला, रजनीला. तिच्याकडून त्यात डाळिंब्या सोलून घे, आणि तिने तुझ्या कपाळावर मारली तर रागावू नकोस. पण "वालच उडाला" असं म्हणाली तर रागाव.

माझ्या पाटल्या रजनीलाच. पुस्तकं ज्याला हवी त्याने न्यावी.

ज्या पितळी खलबत्त्यात मोड कुटायचो तो धोंडाबाईला. तो मी रविवारीच देऊन आले. परड्यातली वालाची पट्टी कसायला भिमाजीला दिली आहे. तिच्यात यंदा मळवलीचे बारीक तांबूस वाल पडलेत. माझ्यामागे ती त्याच्याकडेच राहील. कागद वकिलांकडे आहे.

तांब्याचं भांडं धोंडाबाईला विचारलं, तर म्हणाली, "उंबऱ्याच्या आत नगं." बजरंगला देऊन टाकलं. नेण्याआधी त्याने माझ्यासमोर त्याला कल्हई लावली. नवसागराचा धूर मागच्या खोलीत अजून आहे. पांढरंशुभ्र झालं आतून. अर्धा तास लागला. पाच वर्षांपूर्वीही अर्धाच तास लागला असता.

आता वह्या. चौथ्या वहीत श्रावणातल्या त्या दुपारच्या पानावर मी एक ओळ घातली आहे. तारीख आत्ताची घातली, मागची नाही, म्हणजे खोटेपणा होणार नाही: "या दिवशी धोंडाबाई म्हणाली की पाण्याला तांब्याची चव आहे. वही लिहिणारीने ऐकलं आणि लिहिलं नाही." तुझ्या पानाला हात लावलेला नाही. चारही वह्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून मी मळवलीला नेल्या. धोंडाबाईने आधी कोंबडीला हाकलली, कणगी आतून शेणाने सारवून वाळू दिली, राख पसरली, आणि मग त्या आत ठेवल्या. म्हणाली, "पाच वर्सांत पयली ठेव आली. लिंबाचा पाला घालू का?" मी घाल म्हणाले. कसर लागणार नाही.

ठेवताना तिने मला विचारलं, "मागायला कोन येनार? ज्यानं ठिवलं त्येनंच मागायचं असतंय." मी सांगितलं, ठेवली मी असली तरी माल माझ्या भावाचा आहे. तोच मागेल. ती म्हणाली, "मंग त्येला म्हनावं, तोंडानं. आन पाटील घरी असंल तवा."

तेव्हा तार करू नकोस, माणूस पाठवू नकोस, चिठ्ठी तर मुळीच नको. पुण्याहून येताना लोणावळ्याच्या आधी मळवली लागतं. तिथे उतर. तिथे उतरला नाहीस, तर इथे उतरू नकोस.

अरुंधती